निंबाखालची हुमणी

ऑगस्ट निम्मा सरला होता. माझं सोयाबीन शेताच्या वरच्या अंगाला पिवळं पडत चाललं होतं, आणि कृषी खात्याचे पीक पाहणीचे साहेब रस्त्याच्या कडेला मोटारसायकल लावून, डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा न काढता, पहिल्या ओळीतल्या चार झाडांची पानं उलटीपालटी करून बघत होते. पान उलटलं, मोबाईल लावला, फोटो. दुसरं पान, फोटो. मी बांधावरून तरातरा चालत त्यांच्यापाशी गेले.

"साहेब, आतमधी चला. वर निंबाकडं बघा, झाडं माना टाकून राहिलीत."

"बाई, आमची जागा ठरलेली असते. इथलीच नोंद घ्यावी लागते."

"आन रोग काय तुमच्या ठरलेल्या जागेला विचारून येतो व्हय?"

साहेब हसले. पानावर अळी न्हाई, खोडात चक्रीभुंगा न्हाई, पीक उत्तम आहे, असं म्हणाले. मी म्हणाले, मग ते पिवळं काय आहे, हळद लागली का त्याला? ते म्हणाले, पाण्याचा ताण असेल. आठ दिवस पाऊस धरून बसला होता, पायाखाली चिखल होता, आणि ताण पाण्याचा! त्यांनी बूट चिखलात पडू न देता मोटारसायकलला किक मारली आणि गेले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुणाच्या घरात चोर शिरला असताना अंगणातली तुळस मोजून जावं, तशी ही पाहणी.

कुणी म्हणेल, बाई, एवढ्यातेवढ्यावर चिडता काहून? चिडू न्हाई तर काय करू? त्या एका सालच्या पिकावर माझं काय टांगलेलं होतं, ते आधी ऐका.

माझा नवरा गोरेगाव ते हिंगोली जीप चालवतो. इंजिनाचा आवाज जरा बदलला तर झोपेतून ताडकन उठून बसेल, पण स्वतःच्या वाट्याच्या चार एकरात काय पेरलंय हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागायचं. ते चार एकर दहा-बारा साल माझे भाया करत होते, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सुगी झाली की आमच्या दारात पोती टाकून जायचे. कधी बरी असायची, कधी थोडी. थोडी असली की नवऱ्याला सांगायचे, निंबाखालची जमीन बरड आहे, तिथं काही येत न्हाई. नवरा म्हणायचा, दादा म्हणतो ते बराबर आहे. त्याला सगळंच बराबर असतं.

मला मात्र कधी बराबर वाटलं न्हाई. माझं माहेर कळमनुरीकडचं, मेंढरावाल्यांचं. बापाच्या मागं कळप घेऊन मी अर्धा जिल्हा पायाखाली घातलाय. बसून खायची सवय आम्हाला कुणी लावली न्हाई. आपलं शेत असून दुसऱ्यानं टाकलेली पोती मोजत बसायचं, याची मला लाज वाटायची. गेल्याच्या गेल्या दिवाळीत मी तोंड उघडलं. म्हणाले, शेत मी करीन.

घरात असा कालवा झाला की बस. बाईमाणूस पेरणी करणार, लोक काय म्हणतील, ट्रॅक्टरवाल्याशी कोण बोलणार. शेवटी चुलत सासऱ्यांना बसवलं. घरात वडीलधारे तेच. त्यांनी निकाल दिला: एक साल हिला द्या. पीक साधलं तर शेत हिच्या हातात. न्हाई साधलं तर परत थोरल्याकडं, आणि मग पुन्हा हा विषय घरात काढायचा न्हाई. मी म्हणाले, कबूल. एका सालात कायमचं ठरणार होतं. सोयाबीन आलं तर मी शेतकरी, न्हाई आलं तर जन्मभर पोत्यांची वाट बघत उंबऱ्यात बसायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. आमच्या घरात धाकट्याच्या बायकोनं भायाशी बोलायचं न्हाई. समोर आले तर पदर पुढं ओढायचा आणि भिंतीकडं सरकायचं. त्यांनीही आपल्याशी बोलायचं न्हाई. लग्नाला सोळा सालं झाली होती, त्या माणसाशी मी सरळ एक शब्द बोलले नव्हते आणि तेही माझ्याशी न्हाई. काही सांगायचं असलं तर नवऱ्याकरवी, न्हाईतर जावेकरवी. जाऊ म्हणजे त्यांची बायको, मी तिला ताई म्हणते. आणि अगदीच कुणी नसलं तर आपण म्हशीला सांगायचं, "बाई, पाणी संपलं गं हौदातलं," आणि भायानं ते ऐकायचं. माझा नवरा निरोप्या म्हणजे गळकी बादली. इथून दहा गोष्टी भरून द्याव्या, तिथं दोन पोचायच्या, त्याही ओल्या.

तर शेत माझ्याकडं आलं. मे महिन्यात गावात बायांची शेतीशाळा भरली. शिकवायला एक मॅडम आल्या होत्या. बाकी कुणाचं मी ऐकत न्हाई, पण त्या मॅडम सरळ मातीत बसल्या, म्हणून त्यांचं ऐकलं. त्यांनी सांगितलं, सोयाबीनचा खरा वैरी पानावर न्हाई, मुळाशी असतो. हुमणी. वळवाचे सडाके पडले की जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात, दिवेलागणीला कडुनिंबावर, बाभळीवर जाऊन बसतात, पाला खातात, जोड्या जमवतात आणि पहाटेच्या आत खाली येऊन मातीत अंडी घालतात. त्याच अंड्यांतून निघालेली हुमणी पुढं श्रावणात मुळं खाते. हुमणी एकदा मोठी झाली की औषधालाही दाद देत न्हाई. मारायचं तर झाडावर असताना भुंगेरे मारा. आणि एकट्यानं मारून उपयोग न्हाई, सगळ्या शिवारानं मिळून मारा.

मला हे एकदम पटलं. मी आठ-दहा बाया जमवल्या. जुन्या साड्या झाडाखाली पसरायच्या, लांब बांबूला आकडा लावून फांद्या हलवायच्या, पटापटा भुंगेरे पडले की गोळा करून बादलीत टाकायचे. बादलीत पाणी आणि वर रॉकेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आता रॉकेल कुठं मिळतंय? मी नवऱ्याच्या जीपमधलं डिझेल काढलं. त्यानं डोकं धरलं. म्हणाला, माणसं पोचवायचं डिझेल तू किड्यांना पाजून राहिली. मी म्हणाले, पाजते, अजून पाजीन.

जूनमध्ये पहिले सडाके पडले आणि तीन दिवस दिवेलागणीला आमी नाल्याकडच्या बाभळी झोडल्या, शाळेमागचे निंब झोडले. पहिल्या दिवशी बादलीभर निघाले. बाया इतक्या रंगात आल्या की पोरंबाळं घरी टाकून सगळ्या तिकडंच. तिसऱ्या दिवशी माझ्या शेताची पाळी आली.

माझ्या वरच्या बांधाला मोठा निंब आहे. बुडाशी मरीआईचे शेंदूर लावलेले दोन दगड. आखाडात सगळं गाव तिथं निवद दाखवतं. त्या निंबाला कुणी कुऱ्हाड लावत न्हाई, काडी मोडून दातसुद्धा कुणी घासत न्हाई. आमी झाडाजवळ पोचलो तर भाया आधीच तिथं उभे. हातात हा एवढा बांबू. बाजूचं शेत त्यांचं, बांध ओलांडून आले होते. त्यांनी बांबू फांदीला टेकवला होता आणि माझ्याकडं पाठ करून, आमच्या बायांत उभ्या जावेला म्हणाले, "म्हणावं, या झाडावर लय भुंगेरे हायेत. हे झोडलं पाहिजे."

माझ्या डोक्यात सणक गेली. शेत सोडून सहा महिने झाले न्हाईत तोवर हा माणूस काठी घेऊन माझ्या बांधावर! आज झाड झोडायला आला, उद्या पेरणी कशी करायची ते सांगेल, परवा म्हणेल, बघा, मीच केलं म्हणून पीक आलं. मी पदर ओढला आणि जावेला मोठ्यानं म्हणाले, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं.

"ताई, त्यांना म्हणावं, झाड माझ्या बांधात हाय. मरीआईच्या झाडाला आजवर कुणी काठी लावली न्हाई, आन माझ्या सालात लावू द्यायची न्हाई."

भायानं बांबू खाली घेतला. "ज्याचं त्यानं बघावं," एवढं झाडाला बोलले आणि बांध ओलांडून निघून गेले. एक म्हातारी बाई हळूच म्हणाली, अगं, पण वरती ऐक की. वरती पाल्यात खरंच खरखर खरखर चाललं होतं, शेकडो तोंडं पाला कुरतडत होती. मी म्हणाले, चला, झालं आजचं. खरं सांगते, मरीआई त्या वेळी माझ्या मनात दुसऱ्या नंबरला होती. पहिल्या नंबरला माझी जिरवाजिरवी होती. त्या रात्री मला छान झोप लागली.

आता परत ऑगस्टात या. पाहणीचे साहेब फोटो काढून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गोरेगावला शेतीऔषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं ऐकून घेतलं निम्मं, आणि फळीवरून बाटली काढली. पिवळेपणावर जालीम टॉनिक, मावशी, आठ दिवसांत काळंभोर होतंय बघा. मी पाठीवर पंप घेऊन स्वतः फवारलं. आठ दिवसांत वरचा पट्टा आणखी पिवळा. उलट पसरत खाली आला. मी दुकानात जाऊन त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत न्हाई, लेकरं वाचतील. तो म्हणाला, मावशी, अजून एक हात मारा. एक हात मी त्यालाच मारणार होते.

तिथून परत आले ती सरळ निंबाकडं गेले. एक झाड धरून उपटलं. कोथिंबिरीची जुडी उचलावी तसं ते हातात आलं. ओढावं लागलंच न्हाई. खाली मुळंच नव्हती, नुसता कुरतडलेला खुंट. मी खाली बसले, खुरप्यानं उकरलं, आणि तिथं ती होती. बोटाएवढी जाड, दुधी पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वाकून पडलेली. हुमणी. वर सगळे पानं बघत होते, फोटो काढत होते, टॉनिक देत होते, आणि ही खाली निवांत जेवत होती. मी खुरप्यानं तिचे तुकडे केले. मग आणखी उकरलं, आणखी तुकडे केले. रडू येत होतं, पण रागानं.

आणि मग लगेच माझ्या मनात आलं, ही आली कुठून? तर भायाच्या उकिरड्यातून! त्यांच्या शेताच्या खालच्या कोपऱ्याला, माझ्या बांधाला खेटून शेणखताचा ढीग होता, पुरता कुजलेला नव्हता. मॅडम म्हणाल्या होत्या, कच्च्या शेणखतात हुमणी वाढते. सापडला चोर! मी ठरवलं, आता पुरावा गोळा करते. चुलत सासऱ्यांसमोर मांडते, की माझं पीक यांच्या घाणीनं गेलं. मग बघू शेत कुणाकडं जातं ते.

मॅडमनी मोजायची रीत शिकवली होती. फूटभर लांब, फूटभर रुंद, वीतभर खोल खड्डा घ्यायचा, माती हातानं चाळायची, किती निघाल्या ते मोजायचं. मी जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या. खड्ड्याशी एक काडी रोवायची, काडीला पट्टी, पट्टीला हुमणीगणिक एक गाठ. भायाच्या उकिरड्यापासून सुरुवात केली आणि वीस-वीस पावलांवर वर निंबाकडं सरकत गेले. सोबत जाऊ होती. ती भाकरी घेऊन आली होती, मी तिलाच माती चाळायला बसवलं. तिला माहीत नव्हतं मी तिच्याच नवऱ्याविरुद्ध पुरावा गोळा करते आहे, की माहीत होतं, कोण जाणे. ती गप्प चाळत होती.

उकिरड्याजवळ पहिल्या खड्ड्यात काही न्हाई. दुसऱ्यात न्हाई. मी म्हणाले, नीट बघ. तिसऱ्यात एक निघाली, मला बरं वाटलं. चौथ्यात परत काही न्हाई. पाचव्यात दोन. मग जसजसं वर गेलो तसतशा गाठी वाढत गेल्या. चार. सात. निंबाच्या पसाऱ्याखाली, जिथं फांद्यांची सावली पडते तिथं, एका फुटात अकरा. पट्टीवर गाठी मारायला जागा राहिली न्हाई. मी म्हणाले, चुकलं असेल, परत घेऊ. शेजारी दुसरा खड्डा घेतला. नऊ. तिसरा घेतला. अकरा. घामानं डोळे चुरचुरत होते आणि मी येड्यासारखी खणतच होते, कुठंतरी माझ्या मनासारखं निघेल म्हणून.

मागं वळून बघितलं तर सगळ्या पट्ट्या दिसत होत्या. भायाच्या ढिगाकडं मोकळ्या, माझ्या निंबाकडं गाठीच गाठी. शिवारात सगळी झाडं झोडली, एकच राहिलं होतं. ते कुणी राखलं होतं? मी. मी भांडायला पुरावा गोळा केला आणि पुरावा माझ्याच तोंडावर येऊन पडला.

जाऊ हात झाडत उठली. म्हणाली, "आता ह्यांना काय सांगू?"

"काही सांगायचं न्हाई," मी म्हणाले.

मॅडमला फोन लावला. त्या म्हणाल्या, आता उशीर झालाय, मोठ्या झाल्यात त्या, पण खाली पसरू देऊ नका. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती पाण्यात कालवून बुडाशी आळवणी करा, लहान असतील त्या तरी मरतील. मग सगळा सप्टेंबर माझा मातीत गेला. सुकलेलं झाड दिसलं की उपटायचं, उकरायचं, मारायचं, बुडाशी बुरशीचं पाणी ओतायचं. कंबर मोडली, नखांत माती कायमची बसली. खालचे अडीच एकर वाचले. वरचं दीड एकर गेलं, म्हणजे तिथं कापायलाच काही राहिलं न्हाई. आणि या सगळ्या दिवसांत मी एकाही माणसाला बोलले न्हाई की निंब मी झोडू दिला नव्हता. नवऱ्याला सुद्धा न्हाई, आणि त्या दिवशी सोबत होत्या त्या बायांनीही माझ्या तोंडावर विषय काढला न्हाई. लोक विचारायचे, काय झालं? मी म्हणायचे, पिवळा रोग. मी, जी दुकानदाराला खोटारडा म्हणाले होते!

मळणी झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात बैठक बसली. चुलत सासरे बाजेवर, खाली सतरंजीवर भाया आणि नवरा. आमी दोघी जावा दाराच्या आड. नवऱ्यानं पोती किती झाली ते सांगितलं. चुलत सासऱ्यांनी मान हलवली. पीक साधलं न्हाई हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणाले, "थोरल्या, तू बोल."

भाया सतरंजीकडं बघत म्हणाले, "काका, तिचा काही दोष न्हाई. वरची जमीन बरड हाय, तिथं कुणाच्याच हातून काही येत न्हाई. बाईमाणसानं लय मेहनत केली. पण ठरलं ते ठरलं. पुढल्या सालापासून मी बघतो."

नवरा म्हणाला, "दादा म्हणतो ते बराबर हाय."

मला गप्प बसता आलं असतं. भायानं मला सांभाळून घेतलं होतं. निंबाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. शेत गेलं असतं पण तोंड राहिलं असतं, गावानं म्हटलं असतं, बिचारीची जमीनच वाईट. पण तो 'बरड' शब्द माझ्या कानात घुसला आणि आतमधी काहीतरी पेटलं. बरड? सगळा सप्टेंबर मी तिथं हातभर खोल खणत होते. काळीभोर माती आहे ती. सगळ्या शेतात तिच्यासारखी माती न्हाई.

मी दारातून बाहेर आले. डोक्यावर पदर होता, पण पुढं ओढला न्हाई. भायासमोर उभी राहिले आणि सोळा सालांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"बरड न्हाई ती. तिथं हुमणी हाय. मी मोजली हाय, फुटात अकरा. आन ती माझ्यामुळं हाय. जूनमधी तुमी काठी घेऊन आलात, मी झाड झोडू दिलं न्हाई. देवीचं नाव काढलं, पण देवीसाठी न्हाई, तुमची जिरवायची म्हणून. चूक माझी हाय. माझ्या चुकीवर तुमच्या बरडाचं पांघरूण नको."

नवरा "अगं, अगं" करत अर्धा उठला. मी त्याला म्हणाले, "तुमी बसा." तो बसला.

"आता मला सांगा," मी भायाला म्हणाले, "दहा-बारा साल तुमी ही जमीन केली. माती काळी हाय हे तुमाला दिसत नव्हतं? दरसाल बरड बरड काहून म्हणत आलात?"

ते माझ्याकडं बघायला तयार न्हाईत. मान खाली. मग काकांकडं तोंड करून हळू आवाजात म्हणाले, "काका, मला माहीत होतं. दरसाल भुंगेरे त्याच झाडावर बसायचे. दरसाल तिथलंच पीक जायचं. पण मरीआईच्या झाडाला काठी कोण लावणार? माझी छाती झाली न्हाई. म्हणून बरड म्हणायचो."

बारा साल! बारा साल आमच्या दारात थोडी पोती पडत होती, आणि या माणसाला माहीत होतं काहून थोडी आहेत. माझं रक्त उकळलं.

"मग बारा साल छाती झाली न्हाई, ती या साली कशी झाली? या साली काहून आलात बांबू घेऊन?"

उत्तर दारातून आलं. माझी जाऊ, जी कधी नवऱ्यापुढं बोलत न्हाई, तिथंच चौकटीला धरून उभी होती.

"या साली शेत तुझं होतं," ती म्हणाली. "कोप झाला असता तर तुझ्यावर झाला असता."

भायाचा चेहरा असा उतरला की मला क्षणभर कीव आली, पण क्षणभरच. मी म्हणाले, "वा रे वा! पाप करायची वेळ आली तर शेत माझं, आन पीक घ्यायची वेळ आली तर शेत तुमचं? बारा साल तुमच्या हातून गेलं ते बरड, आन एक साल माझ्या हातून गेलं तर मी शर्त हरले? काका, मी चुकले, ते मी माझ्या तोंडानं सांगितलं. यांनी बारा साल सांगितलं न्हाई. आता तुमीच ठरवा शेत कुणाला द्यायचं. पण बरडाच्या नावानं देऊ नका, खऱ्याच्या नावानं द्या."

चुलत सासऱ्यांनी तंबाखूची पिंक अंगणाच्या कडेला टाकली, धोतर सावरलं आणि उठले. "जी चुकली म्हणून सांगते, तिच्याकडं राहू द्या," म्हणाले. "हिला निदान आपलं काय चुकलं ते तरी कळतंय." आणि चप्पल घालून गेले. नवरा माझ्याकडं असा बघत होता, जशी मी आजच लग्न होऊन आलेली आहे.

शेत माझ्याकडं राहिलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण मला आनंद झाला न्हाई, मला अजून रागच येत होता. त्यांचा यायचा, माझा यायचा, पुन्हा त्यांचा यायचा. भाया जायला उठले, तेव्हा मी वाटेत उभी राहिले.

"येत्या जूनमधी ते झाड झोडायचं," मी म्हणाले. "आन तुमी झोडायचं. तुमच्या हातानं. मी खाली साडी धरीन."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचे डोळे माझ्या नवऱ्यासारखेच आहेत, हे मला तेव्हा कळलं. आणि त्यांनी सरळ मला, माझ्याच तोंडाकडं बघून विचारलं,

"आन मरीआई कोपली तर?"

"अर्धी तुमच्यावर कोपंल, अर्धी माझ्यावर," मी म्हणाले. "आजवर तिचंही आपण एकमेकांवरच ढकलत आलो."

ते वाट सोडा असं म्हणाले न्हाईत. आमी दोघं तिथंच उभे होतो, मधी कुणी निरोप्या न्हाई, आणि पुढं काय बोलायचं ते दोघांनाही येत नव्हतं.